एकच ओळ

बॅलार्ड इस्टेट, क्लिअरिंग एजंटचं ऑफिस,
जिन्यात खळीचा आणि गोणपाटाचा वास.
सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक खोका,
त्यावर शिक्क्यांची पेटी, पेटीवर उदबत्तीचं घर.
"एक बिल निघायला अकरा मिनिटं,"
डाबरेबाई म्हणाल्या, "खाली जाऊन चहा पिऊन येते मी."

फाइल उघडली. एकच ओळ होती:
थेट मेमरीत जायला बंदी. सगळ्यांना.
वर टिपण: जुनी डिस्क घसरते.
हात लावू नये. तुंगारे, १९९९.

जुनी घसरते
म्हणून नवीनेही रांगायचं,
सीडीनेही.
आणि प्रोसेसर, ज्याने हिशेब करायचा,
तो डोक्यावर चुंबळ ठेवून
दोन-दोन बाइट वाहतोय
पलीकडच्या गोदीतल्या जुन्या हमालासारखा,
क्रेन शेजारी उभी असताना.

तुंगाऱ्यांना मी पाहिलेलं नाही.
एका कंटेनरचं वजन म्हणे रातोरात बदललं,
साहेब सगळ्यांदेखत बोलले,
आणि हा माणूस पहाटेपर्यंत एकटाच बसला.
सकाळी सगळं हळू होतं. पण बरोबर होतं.
भ्यालेल्या माणसाला एकच ओळ सुचते.

मी खाली लिहीत गेलो:
पहिली डिस्क, पूर्ण वेग.
दुसरी, तीही.
सीडी, तिला झेपेल तसं.
जुनी...

इथे बोट अडलं. खोका उघडला.
धुळीत एक पट्टी, चाळीस तारांची.
हव्या होत्या ऐंशी.
घडीवर चिरलेली, आतलं तांबं दिसत होतं.
पाच वर्षं डिस्कच्या नावावर
केबलचं पाप.

लॅमिंग्टन रोडवरून साठ रुपयांची नवी आणली.
जुनीला मधला वेग लावला, रात्रभर तपासली,
एक आकडा हलला नाही.
वरचाही पेलला असता बहुतेक.
पण इतक्या दिवसांनी अंथरुणातून उठलेल्याला
लगेच कुणी धाव म्हणत नाही.

तुंगाऱ्यांचं टिपण पुसलं नाही.
त्याखाली एवढंच लिहिलं:
आता ज्याचं त्याला. आधी केबल बघावी.

दुसऱ्या दिवशी डाबरेबाईंनी बटण दाबलं
आणि सवयीने जिना उतरल्या.
बिल चाळीस सेकंदांत निघालं,
ट्रेमध्ये एकटंच पडून राहिलं,
कोमट.