पन्हा

साडेचार इंचांच्या जागी सहा इंची रिम,
फक्त पुढची दोन चाकं. बाकी गाडी तीच,
नायनाची बहात्तरची फियाट, ताकाच्या रंगाची.
शॉकअप कोइमतूरहून मागवलेले;
स्प्रिंगखालची चकती फिरवली की गाडी बसते,
उलटी फिरवली की उठते.
खाजासाब नदाफ म्हणाले, "उंट घेतलात, ताई."

सात रस्त्यावर पहिल्याच वळणाला
खर्र.
मी ब्रेक मारला. मागचा रिक्षावाला कानडीत जे बोलला
ते मला समजतं, हे त्याला माहीत नव्हतं.

नायना सांगायचा:
मागाचा पन्हा वाढवायचा तर नुसती फणी बदलून भागत नाही.
आधी सांगाड्याला विचार. दोन इंच मागशील,
धोट्याला वाट कुठली देशील?
तीस वर्षं टॉवेल विणतेय.
मला कळायला हवं होतं.

अक्कलकोट रोड, मे, दुपार.
पत्र्याखाली पाना फडक्यात धरावा लागतो.
खाजासाबनी स्प्रिंग काढली, नुसता शॉक परत लावला,
खालच्या आर्मला जॅक, चाक वर,
अजून वर, गतिरोधकावर उचललं जाईल तेवढं,
आणि म्हणाले, "घरून पीठ आणा.
ज्वारीचं. घट्ट मळून."
मला वाटलं, जेवायची वेळ झाली.

त्यांनी भाकरीच्या पिठाचे गोळे
मडगार्डच्या काठाला आतून थापले,
एक चकतीच्या कडेला.
स्टेअरिंग डावीकडे, शेवटपर्यंत.
उजवीकडे, शेवटपर्यंत.
चाक उतरवलं तर पिठावर टायरची नक्षी.
आतल्या गोळ्याची जाडी दोन मिलिमीटर.
बाहेरच्याला भोक.

इरण्णानं लेथवर ॲल्युमिनियमची कडी कातली,
चार मिलिमीटर, मधे हबचं नाक अचूक बसेल अशी,
नाहीतर ऐंशीच्या वेगाला हात थरथरतील.
लांब स्टड ठोकले. सकाळपासून तो एकच शब्द बोलला,
"आतू."
आत जागा झाली.
जेवढी झाली तेवढी बाहेर गेली.

मग काठ वळवायचा.
रंगाला गरम हवा, टायर न् पत्र्यामध्ये जुना स्टंप,
पोरानं गाडी पुढं ढकलायची, मागं ढकलायची,
काठ हळूहळू आत मुडपतो.
उजवा तासाभरात झाला, रंगाला तडाही नाही.
डाव्याला हवा लागली आणि पुट्टी फुगली.

"ही कधीतरी ठोकलीय."
"शक्य नाही. नायनाच्या हातून कधीच..."
बोटभर खपली पडली.
खाली तांबडा प्रायमर, हातोडीचे बारीक, सबुरीचे ठोके,
आणि एका खळग्यात अडकून राहिलेला
हिरवा पापुद्रा.

कारखान्याचं गेट हिरवं होतं.
बारावीची सुट्टी. सगळे लग्नाला गेलेले.
मी गाडी काढली होती, गेटपर्यंतच.
आणून लावली डावी बाजू भिंतीकडे करून
आणि चार दिवस त्या बाजूला फिरकले नाही.
पाचव्या दिवशी बघितलं तर काही नव्हतं.
मी मानून घेतलं, लागलंच नव्हतं.
नायनानं एवढंच विचारलं होतं, जेवताना,
चटणीची वाटी माझ्याकडे सरकवत,
"क्लच जड आहे ना?"

खाजासाबनी हवा बंद केली.
"इथं पत्रा कागदासारखा झालाय.
वळवला तर फाटेल."
खपली पडली तिथं रंगाचा हात मारला,
चकती दोन आटे वर घेतली, उंट थोडा उठला.
अजूनही पाच माणसं बसवून
उजवीकडे पुरतं वळवलं तर लागतं.
लागू दे. मी पुरतं वळवत नाही.

बिलावर: कड्या दोन, स्टड आठ, मजुरी,
आणि शेवटी, त्यांच्या तिरक्या अक्षरात,
पीठ गिऱ्हाइकाचे.

काल भाची म्हणाली, "आत्या, हिच्यावर शिकू?"
किल्ली दिली. म्हटलं, "स्टेअरिंग जड आहे हं."
गेट आता निळं आहे.