मार्चच्या एका मंगळवारच्या पाठीवर

वर्षातला शेवटचा कामाचा दिवस.
बाराच्या ठोक्याला मोन्तेविदेओच्या साऱ्या कचेऱ्यांच्या खिडक्या उघडल्या
आणि कारकुनांनी जुनं वर्ष टराटरा फाडून खाली सोडलं.
दरवर्षी सोडतात. रस्ता तारखांनी पांढरा होतो,
झाडूवाले आईबापांचा उद्धार करतात.
माझ्या केसांत मार्चमधला एक मंगळवार अडकला.
मागून कोरा होता. पर्समध्ये पेन होतं.
म्हणून ही यादी.

एकूण एक्केचाळीस. तिकिटं येर्बाच्या रिकाम्या डब्यात,
त्यांना अजून कडू चहाचा वास येतो.
रात्रपाळी संपवून, घरी चार तास पडून
मी दुपारचा खेळ गाठते, इस्पितळातल्या त्याच पांढऱ्या बुटांनी.
नावं लक्षात राहत नाहीत. खुर्च्या राहतात.

आधी तो झोपेचा. हंगेरीचा असावा,
किंवा कुठल्याही हिवाळ्याचा.
एक बाई विहिरीतून पाणी ओढत होती
आणि दोर काही संपेना.
मी घोरले म्हणे. दारावरच्या एदिसनने उठवलं नाही,
बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून दार तेवढं लोटून घेतलं.
इतकी गाढ झोप वर्षभरात दुसरी नाही.
त्याला कसा गाळू?

मग तो पियानोचा.
दोन भाऊ बापाचा पियानो विकायला काढतात
आणि तो जिन्यात अडकतो, दुसऱ्या मजल्यावर, कायमचा.
अर्धी इमारत वर, अर्धी खाली.
दूध त्याच्यावरून जातं, भांडणं जातात, एक लग्नसुद्धा जुळतं.
शेवटी सगळ्यात वरची म्हातारी मरते
आणि तिला त्याच्यावरूनच खाली उतरवतात.
तेव्हा कुणाच्या तरी कोपराने एक सूर वाजतो.
त्या एका सुरासाठी मी पुन्हा तिकीट काढलं.

नोव्हेंबरात आमच्या झाडांची लव उडते,
गावभर डोळे चुरचुरतात.
तेव्हा त्या मुलाच्या सिनेमाला मी रडले, असं कुणी म्हणू नये.
तो वहीवर आईची सही करायचा,
रोज जरा अधिक तिच्यासारखी,
ती गेल्यानंतरही.

सगळी बक्षिसं मिळवलेला यादीत नाही.
माझी भावजय ओफेलिया म्हणाली, तुला तो कळलाच नाही.
कळला गं. अगदी सगळा कळला.
तेच तर.

आणि पहिला.
ऑगस्ट, नदीवरून आलेलं वादळ, थेटरात आम्ही सातजण.
एक टपालवाली बेटावर पत्र घेऊन निघालेली,
पत्र तिने वाटेतच फोडून वाचलेलं.
ती दारापाशी पोचते, हात उचलते,
आणि दिवे गेले.
पडद्यावरचेही, शहरातलेही.

कुणी उठलं नाही. बाहेर छपरं वाजत होती.
कुणीतरी थर्मास उघडला, भोपळा अंधारात हातोहात फिरला,
नळीला सात तोंडं लागली, आणि प्रत्येकाने शेवट सांगितला.
कॉलेजातला पोरगा म्हणाला, दार उघडतच नाही.
टोपीवाले गृहस्थ म्हणाले, ती पत्र खोटं वाचून दाखवते, चांगलं करून.
मी म्हटलं, ती हात खाली घेते आणि परत होडीकडे जाते.
मग मला माझीच लाज वाटली.
तीस वर्षं मी दारांवर टकटक करून
नातेवाइकांना उठवते आहे.
हात कधी खाली घेतलेला नाही.

एदिसन टॉर्च घेऊन दारात उभा होता.
त्याने तो चारदा पाहिलेला.
एक शब्द बोलला नाही,
आमचे सातही शेवट ऐकून घेतले
आणि टॉर्च जमिनीवर रोखून एकेकाला पायऱ्या दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी तो सिनेमा नदीपलीकडे गेला.

आता साडेचार. बेचाळिसावा.
मंगळवारावर जागा उरलेली नाही,
कडेने लिहिते आहे.
एदिसन गेटवर. खांद्यावर कुणाचा तरी जून महिना पडलेला.
म्हणतो, वर्ष संपलं, आता तरी सांगू का
तिने दार वाजवलं की नाही?

मी म्हटलं, तिकीट फाड.