रविवारी संध्याकाळी मेस बंद

मेसच्या दारावरची पाटी चार वर्षांत कुणी बदलली नाही:
'रविवार सकाळी फीस्ट. संध्याकाळी बंद.'
फीस्ट म्हणजे एक गुलाबजाम, तोही मोजून,
आणि सहा वाजल्यापासून
अख्ख्या विश्रामबागेत भुकेली पोरंच पोरं.

आम्ही चौघं. मी, सन्मती, फिरोज, उत्कर्ष.
पाचवा सिद्राम, जत तालुक्यातला, उमदीचा.
तो रविवारी यायचा नाही.
"पोट बिघडलंय रे," म्हणायचा.
आठवड्यातून एकदा, बरोबर त्याच वारी बिघडणारं पोट
आम्ही, पुढं जाऊन पूल बांधणारी पोरं,
बिनहिशेब मान्य केलं होतं.

अख्खा मसूर दोन, रोट्या अकरा.
कांदा फुकट, म्हणून तीनदा.
सन्मती घरी दिवस मावळायच्या आत जेवायचा,
इथं त्याचा दिवस दहापर्यंत मावळत नसे.
अकरावी रोटी चौघांत.
उत्कर्ष ती कंपास लावल्यासारखी फाडायचा
तरी एक तुकडा मोठा व्हायचाच
आणि तो कुणाकडं जातो
याकडं सगळ्यांचं लक्ष, कुणाचंच नसल्यासारखं.

तिसऱ्या वर्षी फिरोजची स्कॉलरशिप जमा झाली,
दीड वर्ष उशिरा.
म्हणाला, आज शंभर फुटीवर.
टेबलावर कापड असतंय, तिथं.

कापड होतं. कापडावर काच.
काचेखाली एक मुंगी, कधीची कोण जाणे.
मेनूकार्डावर आम्ही उजवीकडून वाचत होतो, आधी आकडे, मग नावं,
तेवढ्यात पाण्याचे चार ग्लास एका हातात,
चार बोटं चार ग्लासांत बुडवून
सिद्राम आला.

ग्लास ठेवले. काच पुसली, स्वच्छ होती तरी.
"बोला, काय देऊ?"

मग एका दमात,
शेवभाजी काजूकरी व्हेज कोल्हापुरी पनीर मसाला
बैंगन मसाला अख्खा मसूर दालतडका जिरा राईस.
व्हायव्हात त्याला कधी सलग दोन वाक्यं जमली नव्हती.

आम्ही पनीर खायला आलो होतो.
फिरोज म्हणाला, "अख्खा मसूर. दोन."

मसुरावर तर्री बोटभर.
लोणी मागितलं नव्हतं, ते आलं.
रोट्या येत राहिल्या,
एक संपायच्या आत दुसरी, गरम,
ताटाकडं न बघता टाकलेली.
कुणी काही बोललं नाही.
चघळायचा आवाज एवढा मोठा असतो
हे मला तेव्हा कळलं.

मी मोजल्या. पंधरा झाल्या.
बिलावर त्याच्या अक्षरात, त्याच तिरक्या एककात,
'रोटी ११'.

गल्ल्यावरच्या माणसानं बिल खिळ्याला टोचलं.
बडीशेपेच्या बशीखाली उत्कर्षनं वीसची नोट सरकवली,
काढली,
परत सरकवली.
बाहेर येईपर्यंत मागं बघायचं नाही
असं काही ठरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मेसमध्ये पोहे.
तो समोर येऊन बसला, लिंबू पिळलं.
"काल कुठं जेवलासा?"
"शंभर फुटीवर."
"कसं हुतं?"
"मसूर चांगला होता."
"मीठ?"
"बरोबर होतं."
"हां," म्हणाला, आणि शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खाल्ले,
नेहमीसारखे.

दुपारी उत्कर्षचं पुस्तक उघडलं
तर तुळया वाकतात त्या प्रकरणात
वीसची नोट होती. घडी तीच.
थोडी हळद लागलेली.

नंतरची सगळी वर्षं मी त्या चार रोट्यांवर अडतो.
त्या कुणाच्या पगारातून गेल्या असतील,
की गेल्याच नसतील,
की भटारखान्यात कुणीतरी त्याच्यासाठी मोजायचंच विसरलं असेल.

पुढच्या रविवारी सहा वाजता
सिद्राम पोटावर हात धरून कॉटवर बसला होता,
शर्ट मात्र धुतलेला, इस्त्रीचा.
आम्ही चपला घातल्या.
"काय रे?"
"पोट."
फिरोज दारातून म्हणाला,
"ताक पी."