मुका एस

दुपारची भांडी विसळून झाली
की मी ॲप्रन काढते, हात पुसते,
आणि कोटांच्या खुंट्यांखालच्या बाकावर
लाउरी माझ्याशेजारी येऊन बसतो,
दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसा.

दहा मिनिटं.
हेडबाईंनी तक्त्यावर लिहिलंय : वाचन. लाउरी. ओसलासोबत.
मी काही शिक्षिका नव्हे.
सूप किती मीठ मागतंय ते मला कळतं
आणि पोर पोट भरल्याचं खोटं केव्हा सांगतंय, तेही.

आठ वर्षांचा आहे. चित्रं बघून गोष्ट सांगायचा,
ओळींवरून बोट फिरवत, इतकी झकास
की पहिलं वर्षभर कुणाच्या ध्यानातच आलं नाही :
बोट एकीकडे चाललंय, गोष्ट दुसरीकडे.

पण टेकडीवरची मेंढी दाखवा त्याला,
दोनशे पावलांवरून.
डाव्या कानाचं टोक कापलेलं, उजव्याला मागून खाच,
‘ती गिब्बीकाकाची.
आणि ती पलीकडची आमचीच, पण बाबाचा हात हलला होता
खूण करताना.’
अख्ख्या शेटलंडात कान इतके भराभर
दुसरं कुणी वाचत नसेल.

कागदावर मात्र बी आणि डी
पाठीला पाठ लावून त्याला चकवायचे.
मी म्हटलं, मेंढीसारखं बघ. खाच कुठल्या बाजूला?
त्यानं मान तिरकी केली.
त्या दिवशी दहातले सात बरोबर आले.
दुसऱ्या दिवशी चार.

मग ओटच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
मी एक पट्टी केली, तिला खिडकी,
एका शब्दापुरती.
बाकीचं पान झाकलं.
‘एवढंच?’
‘एवढंच.’
त्याचे खांदे कानांपासून खाली उतरले.

नोव्हेंबरात, तीनलाच अंधारून आलं होतं,
खिडकीत शब्द आला : आयलंड.
‘इझ,’ तो म्हणाला. ‘लँड.’
अक्षर अक्षर लावत पुन्हा : ‘इझ. लँड.
असं काही नसतंच.’
बाहेर चारी बाजूंनी समुद्र धडका देत होता.

मी शब्द सांगितला.
तो आधी गप्प, मग कानापर्यंत लाल.
‘मग हा एस इथे काय करतोय?’
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.
‘बोलत नाही, काम करत नाही,
आणि नुसता रांगेत उभा!’

बराच वेळ पट्टी मागेपुढे सरकवत राहिला.
मग हळूच :
‘आजोबांसारखा.
बोट विकल्यापासून बोलत नाहीत ते.
पण त्यांची खुर्ची काढायची नाही, आई म्हणते.’
हो, मी म्हटलं. तसाच.
घंटा झाली. आम्ही दोघंही उठलो नाही.

तेव्हापासून मुकी अक्षरं तो बोटानं
जरा थोपटून पुढे जातो.
नाइफमधला के. रात्रीतले जी आणि एच.
वेग काही वाढलेला नाही.
वर्गातली इतर पोरं प्रकरणं संपवतात,
हा एक पान, कधी अर्धं.
हेडबाईंच्या आलेखात त्याची रेघ
आमच्या रस्त्यासारखी, खड्ड्याखड्ड्यांची.

आणि फेब्रुवारीत, शनिवारी, धक्क्यावर,
वारा असा की बोललेलं तोंडातच परत यावं,
फेरीच्या फळ्यावर कुणी खडूनं खरडून गेलेलं.
लाउरीनं खिशातून पट्टी काढली,
टाचा उंचावून फळ्यावर धरली.
‘कॅन.
कॅन, सेल.’
मागे चौदा माणसं, पेट्या, एक कुत्रं.
‘कॅन्सल्ड! फेरी कॅन्सल्ड!’

जेसीची लर्विकला डोळ्यांची तारीख होती,
दोन महिन्यांनी मिळालेली. तिनं एक शिवी घातली.
कुणीतरी पेटीवर लाथ मारली.
आणि हा उड्या मारतोय, कॅन्सल्ड, कॅन्सल्ड,
लॉटरी लागल्यासारखा.
बापानं दंडाला धरला, तरी थांबेना.

मी काही बोलले नाही.
पट्टी भिजून लगदा झाली होती, तेवढी मात्र पाहिली.
घरी ओटचं खोकं अजून निम्मं भरलेलं.
त्या रात्री ते मी बरणीत ओतलं,
आणि कात्री शोधायला लागले.