कागद बोलत नायी

हिंगण्याच्या माळावर, भावाच्या शेडमागे
मी सकाळपासून टांगतोय:
दांडी तुटलेला तवा, सायकलच्या दोन घंट्या,
कळमन्याहून उचललेली नासकी संत्री,
दोऱ्याला ग्लुकोजची बिस्किटं.
मागं वाळूची पोती. ती बेबीनंदामावशीनं आधी
थोपटून, वाकून, मोजून घेतली.

कागदाच्या चकत्या आणल्या होत्या मी.
"कागद कायी बोलत नायी बे.
भोक पडलं का नायी, जाऊन इचारा लागते त्याले."

एकतीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात
गोळे तपासले तिनं.
वजन, व्यास, शिक्का, पुढचा.
एकही फुटताना ऐकला नाही.

छर्रा सुटतो. बिस्किटाचं पीठ.
संत्रं जरा विचार करतं, मग एका अंगानं ढासळतं,
आंबट वास उन्हात पसरतो.
घंटी दोनदा हुकते.
"रायू दे तिले."

मग तवा.

टण्‌!
शेडवरचे पारवे उडतात,
भाऊ आतून ओरडतो, काय झालं?

मावशी बंदूक मोकळी करते, खाली ठेवते,
चालत जाते. चष्मा कपाळावर.
पोच्यावरून अंगठा फिरवते
आणि सवयीनं म्हणते, पास.

तवा अजून हलतोय.
ती हात मागे घेते.