पावत्यांमागं

मंडईच्या रात्री, तिसऱ्या अंकात,
एक बाई कंदील ठेवून विंगेत गेली
ती आलीच नाही परत.
लिहिणारा विसरला असेल.
पुढं खून झाला, लग्न लागलं,
तणसावरून उठून माणसं घरी गेली.

मी राइस मिलच्या पावत्यांमागं
तिला सयत्रा म्हटलं.
परवा तिला हिवताप होता.
आज वैनगंगेच्या डोंग्यात बसली,
भाड्यावरून भांडली.

"दुसऱ्याच्या खेळात तुह्यं काय अडलं वं?"
पोती मोजता मोजता झिंगरकाका.
धड सांगता येत नाही.
थोरलीच्या लग्नात जनरेटरपाशी
रातभर मी होती;
अल्बमात एकदाही नाही.

ते जाऊ द्या.
कंदील तिथंच जळतो आहे अजून
रिकाम्या मंडपात,
आणि रॉकेल
पावतीभरच उरलंय.