हवेची साक्ष

बाहेर उणे अठरा.
तळ्यावरचा बर्फ दीड हात जाड,
त्यावर लाल व्होल्वो, माझ्याहून सात वर्षांनी मोठी,
आणि लॅपटॉपच्या पडद्यावर
इंजिनात शिरणारी हवा: अठ्ठावन्न.

सिक्स्टेनने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
अठ्ठावन्न.
"मे महिन्यातही या गावाला एवढं ऊन परवडत नाही,"
म्हणाला, आणि हसला नाही.

तीन रविवार आम्ही पेट्रोलला शिव्या देत होतो.
पंप बदलला, इंजेक्टर धुतले,
प्लग तर ओस्टरसुंडहून मागवले.
धावताना गाडी शहाण्यासारखी.
शर्यतीच्या रांगेत पाच मिनिटं उभी राहिली
की सुटताना ठेचकाळायची, खोकायची,
बाकीच्यांनी उडवलेला बर्फ काचेवर घ्यायची.

सेन्सर मीच बसवला होता, ऑक्टोबरात,
मॅनिफोल्डच्या जाड ॲल्युमिनियममध्ये.
का तिथे?
तिथे भोक आयतंच होतं.

हवा येते आणि जाते.
धातू शेजारीच मुक्कामाला असतो.
गाडी थांबली की खालची सगळी ऊब
हळूहळू त्याच्या अंगात चढते,
आणि सेन्सरला वाण नाही पण गुण लागतो:
विचारावं हवेचं, तर सांगतो धातूचं.
संगणक बिचारा डबीत बंद, कधी बाहेर न पडलेला,
तो ऐकून घेतो.
हवा तापली, म्हणजे विरळ झाली,
मग पेट्रोलला हात आखडता,
ठिणगी जरा उशिरा.
खोटं कुणीच बोललं नाही यात.

मग कुठे?
एवाल्ड, सिक्स्टेनचा थोरला भाऊ,
एकतीस वर्षं लाकूड सुकवायच्या भट्ट्या सांभाळलेला,
म्हणाला, "झडपेच्या जितकं जवळ तितकं बरं.
इंजिन जे गिळतं ते मोजा,
वाटेत जे भेटतं ते नव्हे."
सिक्स्टेन म्हणाला, "जवळ जाशील तर भाजशील.
इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलच्या अलीकडे,
थंड नळीत."
"आणि तिथून पुढे हवा तापली तर?"
"तापेल थोडी. ते आपण हिशेबात धरू."
"हिशेबात," एवाल्ड म्हणाला,
जसं एखादा म्हणतो, "नशिबात."

मला दोघांचंही पटत होतं. हातात ड्रिल माझ्या होतं.

इंटरकूलरच्या मागे नको, तिथे टर्बोचा ताप.
मेथॅनॉलच्या फवाऱ्यापुढे नको,
भिजलेला साक्षीदार भलतंच थंड बोलतो.
उरली एक वीत नळी.
भोक पाडलं, कडा घासल्या,
बूच वेल्ड केलं. माझं वेल्डिंग अजून
मुंग्यांच्या रांगेसारखं, पण गळत नाही.
सेन्सर उघड्या टोकाचा घेतला,
टोक प्रवाहाच्या मधोमध,
भिंतीला कुठेही न टेकलेलं.

पाच मिनिटं उभी ठेवली. मग सात.
एवाल्ड घड्याळाकडे बघत होता,
गाडी रुसावी असंच वाटत असावं त्याला.
सुरू केली. आकडा क्षणभर चढला,
मग हवा लागताच घसरत गेला
उणे सहावर, आणि तिथे थांबला.
मी क्लच सोडला.
खोकली नाही.

रात्री एवाल्डच्या स्वयंपाकघरात कॉफी.
खिडकीच्या चौकटीला बाहेरून थर्मामीटर,
भिंतीच्या उबेला बिलगलेला:
उणे नऊ.
सिक्स्टेनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.
"उद्या काढून बर्चच्या झाडाला लावू," मी म्हणाले,
"घरापासून लांब. दोन स्क्रूंचं काम."

एवाल्ड कपात साखर ढवळत राहिला,
साखर तो घेत नाही.
"यॉटा तोच बघून मफलर बांधायची," म्हणाला.
"नऊ कमी दाखवतो हे तिला ठाऊक होतं.
ती नऊ मिळवायची."

मग खिडकीपाशी गेला,
काचेवरची वाफ बाहीने पुसली,
आकडा नीट वाचला,
आणि ओठ हलवत
मनातल्या मनात बेरीज केली.